बजावणी

२०२५ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी बाबा पेपर वाचत बसले होते आणि वाचता वाचता एकदम हसायला लागले. ऐंशीच्या घरातला माणूस हल्लीचा पेपर वाचून हसतो म्हणजे बातमी खासच असणार, म्हणून मी डोकावले. अमेरिकेत शेअर बाजारावर लक्ष ठेवणारा जो सरकारी आयोग आहे, त्याने न्यूयॉर्कच्या कोर्टाला कळवलं होतं, की गौतम अदानी आणि सागर अदानी यांच्यावरच्या दाव्याचे कागद त्यांना पोचवण्यासाठी आम्ही हेग कराराखाली भारताच्या कायदा मंत्रालयाची मदत मागितली आहे.

"बघ," बाबा म्हणाले, "एवढी मोठी अमेरिका, पण कागद दिल्लीवरूनच आणावा लागून राहिला. कुरिअरनं नाही चालत!"

"पुरे करा आता ते कुरिअर," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

आमच्या घरात 'कुरिअर' हा शब्द २०१६ पासून जरा जपूनच वापरतात. का, ते आज लिहायचं ठरवलं आहे. धाकटीला विचारलं, तर ती म्हणाली, "लिही, फक्त नावं घालू नकोस."

तर आधी बाबांबद्दल. बाबा कोर्टात बेलीफ होते. पहिली काही वर्षं काटोलला, नंतर नागपूरला जिल्हा न्यायालयाच्या नाझर शाखेत. ज्यांचा कोर्टाशी कधी संबंध आला नाही (आणि देव करो, न येवो) त्यांच्यासाठी सांगते. बेलीफ म्हणजे कोर्टाचा कागद ज्याचा त्याला नेऊन देणारा माणूस. या नेऊन देण्याला कोर्टाच्या मराठीत 'बजावणे' म्हणतात. लहानपणी मला याची फार गंमत वाटायची. आई आम्हाला बजावायची, उन्हात खेळू नका म्हणून, आणि बाबा समन्स बजावायचे. पगार मात्र एकालाच मिळायचा.

नागपूरचा मे महिना, सायकल, डोक्याला घट्ट बांधलेला दुपट्टा, खिशात कांदा आणि खांद्याच्या पिशवीत लोकांची भांडणं. बाबांचं काम हे असं. त्याचे नियम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पाचव्या आदेशात लिहिलेले आहेत आणि ते बाबांना रामरक्षेसारखे पाठ. कागद ज्याच्या नावाचा त्याच्याच हातात द्यायचा. तो सापडलाच नाही तर घरातल्या सज्ञान माणसाला. नोकराला नाही, कारण नोकर हा कुटुंबातला माणूस नव्हे असं कायद्यातच म्हटलं आहे. घ्यायला नकार दिला तर दारावर प्रत चिकटवायची आणि कधी, कुठे, कोणासमोर चिकटवली ते लिहून कोर्टाला द्यायचं. १९७६ साली कायद्यात दुरुस्ती झाली, त्याआधी तर घरातल्या सज्ञान 'पुरुषा'लाच कागद देता यायचा. घरची बाई समोर दारात उभी असली तरी घरी कोणी नाही असंच धरायचं!

बाबांची एक गोष्ट आम्ही शंभर वेळा ऐकली आहे. काटोलला असताना कोंढाळीकडच्या एका गावात त्यांना एका बाईवर समन्स बजावायचं होतं. नवरा शहरात राहायचा, त्याने सोडचिठ्ठीसाठी अर्ज केला होता. बाईने अंगठा दिला, कागद घेतला आणि उलटा धरून विचारलं, "काय लिवून हाय जी याच्यात?"

खरं म्हणजे बाबांचं काम तिथेच संपलं होतं. अंगठा मिळाला, निघायचं. पण ते ओट्यावर बसले आणि सगळा कागद तिला वाचून दाखवला. कोणत्या तारखेला पेशी आहे, कोणत्या कोर्टात, आली नाहीस तर तुझ्या पाठीमागे निकाल लागेल, गरिबाला सरकारी वकील मागता येतो, सगळं. या भानगडीत त्यांची शेवटची एसटी चुकली आणि रात्र त्याच गावात, मारुतीच्या देवळात काढावी लागली. पेशीला ती बाई आली, भावाला बरोबर घेऊन.

"कागद दिला म्हणजे कळवलं, असं नसते," हे या गोष्टीचं ठरलेलं शेवटचं वाक्य. आम्ही दोघी बहिणी मागे उभ्या राहून ओठ हलवत ते म्हणायचो.

आता २०१६. धाकटीचं लग्न २०१२ साली झालेलं. नवरा न्यू जर्सीत नोकरीला. २०१५ च्या उन्हाळ्यात ती दोन महिन्यांसाठी म्हणून नागपूरला आली आणि राहिलीच. परतीचं तिकीट रद्द झालं, फोन कमी झाले, मग बंद झाले. तिकडे राहण्याचा तिचा व्हिसा त्याच्या व्हिसावर अवलंबून, तेव्हा उठून जाण्याची सोय नाही. आम्ही सगळे 'होईल ठीक, होईल ठीक' म्हणत वर्षभर एकमेकांची समजूत काढत होतो.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दुपारी कुरिअरवाला आला. जाड पाकीट, अमेरिकेचा पत्ता. घरी आई एकटी. तिला वाटलं, जावयाने दिवाळीचं काहीतरी पाठवलं, राग निवळला असेल. तिने आनंदाने सही केली आणि पाकीट देवापुढे ठेवलं.

संध्याकाळी धाकटी कामावरून आल्यावर ते उघडलं. न्यू जर्सीच्या कोर्टात त्याने घटस्फोटाचा दावा लावला होता. ३५ दिवसांत उत्तर द्या, नाहीतर तुमच्या गैरहजेरीत निर्णय होईल.

त्या संध्याकाळचं फार लिहीत नाही. बाबांनी चष्मा लावला, सगळी पानं क्रमाने लावली आणि वाचली. मग आईला विचारलं, "हे आणलं कोणी?"

"कुरिअरच्या पोरानं."

"त्यानं सांगितलं का, काय आहे म्हणून?"

"त्याला काय माहीत? तो तर 'काकू, इथे सही' म्हणाला आणि गेला."

"मग ही बजावणी नाही."

पण आई काही ऐकण्याच्या स्थितीत नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात बाबांचे नियम तिलाही पाठ झाले होते. "घरातल्या सज्ञान माणसाला दिलं तर चालते ना? आता बाईची सहीही चालते ना? मग झालं तर. माझ्याच सहीनं पोरीचा संसार मोडला." ती रात्रभर हेच म्हणत राहिली. पुढची कित्येक महिने घरी कोणताही कागद आला की सहीला ती बाबांना पुढे करायची.

दुसऱ्या दिवशी आम्ही धंतोलीत एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी जे सांगितलं, ते मी तेव्हापासून जमेल तसं वाचत आले आहे. परदेशातल्या माणसाला कोर्टाचा कागद कसा पोचवायचा, यासाठी हेग इथे १५ नोव्हेंबर १९६५ रोजी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. तो का करावा लागला, तर काही देशांत अशी पद्धत होती, की प्रतिवादी परदेशात असेल तर त्याचा कागद आपल्याच देशातल्या सरकारी वकिलाच्या कचेरीत नेऊन दिला की बजावणी झाली असं धरत. परदेशातल्या माणसाला पत्ताच नाही आणि इकडे त्याच्याविरुद्ध निकाल! म्हणून ठरलं, की प्रत्येक देशाने एक मध्यवर्ती अधिकारी नेमायचा, दुसऱ्या देशाचा कागद त्याच्याकडे यायचा आणि त्याने तो आपल्या देशाच्या रीतीने पोचवून तसा दाखला परत पाठवायचा.

भारत या करारात फार उशिरा आला. २००६ साली आपण तो स्वीकारला आणि १ ऑगस्ट २००७ पासून तो आपल्याला लागू झाला. आपल्याकडचा मध्यवर्ती अधिकारी म्हणजे दिल्लीचं कायदा मंत्रालय. आणि करारात येताना भारताने एक हरकत नोंदवून ठेवली. परदेशी कोर्टाचे कागद आमच्या देशात परस्पर टपालाने पाठवलेले चालणार नाहीत. अमेरिकेने अशी हरकत घेतलेली नाही. म्हणजे इथून तिथे टपालाने कागद धाडता येईल, पण तिथून इथे नाही. इथे यायचं तर मंत्रालयामार्फत, आणि मंत्रालय तो कागद पाठवणार त्या त्या जिल्ह्याच्या न्यायालयाकडे.

बाबा खुर्चीत सरसावून बसले. "म्हणजे न्यू जर्सीचा कागदसुद्धा शेवटी आमच्या नाझर शाखेतूनच यायला पाहिजे होता? बेलिफाच्या हातून?"

"हो, काका. बेलिफाच्याच हातून."

त्या दिवसांत बाबांच्या चेहऱ्यावर मी पाहिलेला तेवढाच एक आनंद. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, "तू सही दिलीस ती कुरिअरच्या पोराला. कोर्टाला नाही." आईने मान हलवली, पण तिला ते तेव्हा पटलं नव्हतं.

वकीलबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. १९७५ साली तिरुपतीला लागलेलं एक लग्न नवऱ्याने अमेरिकेत मिसूरी राज्याच्या कोर्टात मोडून आणलं होतं, तिथे ९० दिवस राहिल्याच्या आधारावर. बायको इथे. तिने हरकत घेऊन उत्तर तेवढं पाठवलं होतं. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९९१ साली निकाल लागला. तो लिहिला न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी, आपल्या मराठी माणसाने. त्यांनी तो घटस्फोट इथे मान्य केला नाही. निकाल लिहिताना ते म्हणाले, की नोटीस बजावली एवढ्याने न्याय झाला असं होत नाही. समोरच्या माणसाला तिथे जाऊन आपली बाजू मांडणं खरोखर शक्य होतं का, हेही बघावं लागेल. नसेल, तर निदान प्रवासाचा, राहण्याचा, वकिलाचा खर्च दुसऱ्या बाजूने द्यावा अशी काही सोय झाली होती का, तेही.

हे ऐकताना मला कोंढाळीचा तो ओटा आठवला. बाबांनी निकाल वाचला नव्हता, आणि ओट्यावर ते बसले तेव्हा तो लागलाही नव्हता. 

वकीलबाईंच्या सांगण्यावरून धाकटीने न्यू जर्सीला लेखी हरकत पाठवली, की या कोर्टाचा अधिकार मला मान्य नाही. तरी २०१७ मध्ये तिकडे घटस्फोट मंजूर झाला. म्हणजे एकच लग्न, तिकडे मोडलेलं आणि इकडे शाबूत. अशा लग्नाला कायद्याच्या इंग्रजीत 'लंगडं लग्न' म्हणतात म्हणे. धाकटी म्हणाली, "लग्न कशाला, मीच लंगडतेय."

तिने नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात आपला अर्ज आधीच लावला होता, नांदवण्यासाठी आणि पोटगीसाठी. अर्ज मराठीत. आता गैरअर्जदार अमेरिकेत, म्हणून आमचा कागद तिकडे बजावायचा. आणि तिकडे पाठवायचा तर इंग्रजी भाषांतर हवं. त्याचा कच्चा खर्डा मी केला. 'नांदणे' या एका शब्दापाशी मी दोन रात्री अडले होते. इंग्रजीत मिळत होतं ते सगळं 'एकत्र राहणे'. एकत्र तर हॉस्टेलमध्येही राहतात. नांदणं म्हणजे काय, ते न्यू जर्सीतल्या कोणाला कसं कळवायचं? शेवटी एकत्र राहणेच लिहिलं.

कराराचा एक ठरलेला फॉर्म असतो, तीन भागांचा. विनंती, दाखला आणि कागदाचा गोषवारा. सगळे कागद दोन प्रतींत द्यायचे. मी घाईत एकच प्रत लावली आणि आमचं पाकीट परत आलं. चूक माझीच होती, त्यात दीड महिना गेला. फेब्रुवारी २०१७ मध्ये ते पुन्हा रवाना झालं. तिकडे अमेरिकेचं न्याय खातं हे काम एका खाजगी कंपनीकडून करून घेतं आणि त्याची फी ९५ डॉलर, आगाऊ. बाबांनी रुपयांत हिशेब केला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग पेश्या. दर पेशीला एकच प्रश्न, बजावणीचा दाखला आला का? नाही आला. पुढची तारीख. सिव्हिल लाईन्समधल्या त्या झाडांखाली धाकटीने किती दुपारी काढल्या, ते तिलाच ठाऊक.

सहा महिने झाले तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, आता एक वाट आहे. सगळे प्रयत्न करूनही सहा महिन्यांत दाखला आला नाही, तर कोर्टाला दाखल्यावाचून पुढे जाता येतं, करारातच तशी तरतूद आहे आणि भारताने ती स्वीकारली आहे. अर्ज करू या?

आम्ही सगळे 'करा' म्हणणार होतो. मी तर 'क' उच्चारलाही असेन. धाकटी म्हणाली, "नको. त्याला कागद मिळू दे आधी. मला कळायच्या आधी माझं लग्न मोडायला निघाले होते ना? मला तसं करायचं नाही."

मला तिचा राग आला. खोटं कशाला सांगू? पोटगीचा एक पैसा आलेला नाही, तिचं वय जातंय, आणि हिला नियमाचं पडलंय! घरी येताना रिक्षात मी तिला तसं बोललेही. बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, ते काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र त्यांनी तिला स्वतः चहा करून दिला. आमच्या घरात ही घटना बजावणीच्या दाखल्याइतकीच दुर्मिळ.

दाखला आठव्या महिन्यात आला. मधे त्याने घर बदललं होतं, म्हणून पहिल्या पत्त्यावरून माणूस परत गेला होता. दुसऱ्या पत्त्यावर सापडला. अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, स्वतःच्या हातात कागद घेतला. खाली सही, शिक्का. वकीलबाईंच्या ऑफिसात बाबांनी तो कागद मागून घेतला आणि दोन्ही बाजूंनी बघितला. "काम चोख आहे," ते म्हणाले, एका बेलिफाने दुसऱ्याबद्दल म्हणावं तसं.

त्याच फाइलमध्ये फॉर्मसोबत जोडायचं सूचनेचं एक पान होतं. १९८० साली हेगच्या परिषदेने शिफारस केली होती, की कागदाबरोबर साध्या शब्दांत एक इशारा द्यावा. हा कायदेशीर कागद आहे, याचा तुमच्या हक्कांवर परिणाम होऊ शकतो, नीट वाचा, वकिलाचा सल्ला घ्या, पैसे नसतील तर मोफत मदत कुठे मिळेल ते विचारा. मी ते बाबांना मराठीत सांगितलं. ते थोडा वेळ त्या पानाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे तर मी कोंढाळीला सांगितलं होतं."

एकदा बजावणी झाल्यावर गोष्टी भराभर हलल्या. त्याचे वकील हजर झाले, त्याचे आईवडील येऊन गेले, आणि २०१९ मध्ये दोघांच्या संमतीने, ठरलेली रक्कम देऊन, लग्न इथल्या कोर्टात मोडलं. आता ते दोन्ही देशांत मोडलेलं आहे. याला चांगला शेवट म्हणायचं की नाही, मला माहीत नाही. धाकटी मजेत आहे, स्वतःच्या पायावर उभी आहे.

बाबांचा आणि तिचा वाद मात्र अजून चालू असतो. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस बजावली गेली असं मानलं, कारण ती नुसती पोचली नव्हती, उघडलीही होती. बाबा म्हणाले, "उघडली म्हणजे समजली का?" फेब्रुवारी २०१९ मध्ये अनिवासी भारतीयांच्या लग्नांच्या नोंदणीचं एक विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं. बायकोला सोडून गेलेला नवरा सापडत नसेल तर समन्स सरकारी वेबसाइटवर टाकायचं आणि ते बजावलं असं धरायचं, अशी तरतूद त्यात होती. बाबा भडकले. "ही तर भिंतीवर चिकटवायची नवी तऱ्हा झाली. पाहते कोण?"

"बाबा," धाकटी शांतपणे म्हणाली, "ज्याला सापडायचंच नाही, त्याच्या मागे बाईनं किती वर्षं फिरायचं? आठ महिने मी थांबले, कारण मला तुम्ही होता. घर होतं, दोन वेळचं जेवण होतं. जिला नाही तिनं काय करायचं?"

यावर बाबांकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. नियम सैल केला तर उद्या त्याच वेबसाइटवर एखादीच्या नावाचाही कागद लागेल आणि तिला पत्ता नसेल. घट्ट ठेवला तर पळणाऱ्याचं फावतं. दोघांचंही खरं आहे, म्हणून तर वाद इतकी वर्षं टिकला.

तर त्या फेब्रुवारीतल्या सकाळी बाबांचं हसून झाल्यावर बेल वाजली. कुरिअरवालाच होता, धाकटीने मागवलेली पुस्तकं घेऊन. आई पदराला हात पुसत दारात गेली. तिने पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि पोराला विचारलं, "काय आहे रे यात?"

"मला काय माहीत, काकू? इथे सही करा."

"तुला माहीत नाही ना? मग थांब," आई म्हणाली, आणि आत वळून तिने धाकटीला हाक मारली, "ये गं, तुझ्या नावाचं आहे. तूच घे."